जुनी टर्बो डिझेल सकाळी लवकर स्टार्ट होत नाही, घाटात ओढत नाही. हाय प्रेशर पंप आणि चारही इंजेक्टर बदलू का?

नका बदलू. आधी मोजून घ्या.

तुमची गाडी २०११ ची. रात्रभर उभी राहिली की सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, गरम झाल्यावर लगेच स्टार्ट होते, आणि चढावर दम सोडते. यावर मेकॅनिकने थेट डिझेलचा दाब वाढवणारा पंप आणि ते इंजिनात फवारणारे इंजेक्टर बदलायचं एस्टिमेट दिलं. अगदी हेच एस्टिमेट आमच्याही हातात ठेवलं होतं, म्हणून राहवलं नाही.

आमची सात सीटर वडिलांनी घेतलेली, त्यामुळे ती भंगारात घालायचा विषय घरात निघत नाही. खोपोली सोडून बोरघाट चढताना इंजिनाचा दिवा लागला आणि गाडी मेल्यासारखी झाली. शेजारी भाऊजी बसलेले. त्यांचा निकाल तयार होता, "टर्बो गेला." मी आरशात पाहिलं, मागे धुराचा मागमूस नाही. टर्बोचा होज, म्हणजे इंजिनात दाबाने हवा नेणारा पाइप, फाटला की हवा कमी पडते, डिझेल जास्त होतं आणि काळा धूर येतो. इथे धूर नाही, शिट्टी नाही. म्हणजे डिझेलच पुरत नव्हतं.

मुंबईत परतल्यावर गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. कोड पी००८७, रेल प्रेशर कमी, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब कमी. लगेच "पंप गेला, इंजेक्टर पण करून घ्या." अहो, कोड प्रेशर कमी आहे एवढंच सांगतो, का कमी आहे ते सांगत नाही. भाऊजींनी वर पुस्ती जोडली, "बीएस-सिक्स डिझेल आल्यापासून जुन्या पंपांची वाट लागलीय." हा वाद आमच्याकडे प्रत्येक गणपतीत होतो. १ एप्रिल २०२० पासून डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आलं, हे खरं. सल्फर काढताना डिझेलचा वंगणगुण कमी होतो, हेही खरं. पण म्हणूनच त्यात अ‍ॅडिटिव्ह घालतात, आणि त्या गुणाच्या चाचणीत धातूवर पडणाऱ्या झिजेच्या खुणेची ४६० मायक्रॉनची मर्यादा बीएस-फोरला होती तीच बीएस-सिक्सलाही आहे. पंप मारते ती रॉकेलची भेसळ आणि पाणी.

गाडी मी भांडुपला आमच्या बिल्डिंगखाली आणली आणि फिल्टर ते पंप या रबरी पाइपच्या जागी पारदर्शक पाइप जोडला. आयडलला मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून सरकत होते. रेस केल्यावर त्यांची माळच लागली. टाकीकडून फिल्टरला येणारा पाइप क्लिपपाशी वाकवून पाहिला तर रबर कडक झालेलं आणि बारीक भेगा. बाहेरून मात्र कोरडा ठाक! ही बाजू ओढणारी असते, त्यामुळे डिझेल गळत नाही, हवा आत जाते. रात्री डिझेल मागे टाकीकडे उतरतं आणि सकाळी सेल्फ मारत बसावं लागतं. पाइप, क्लिपा आणि फिल्टर बदलले, गाडी त्याच घाटात तिसऱ्या गिअरवर चढली. पंप आणि इंजेक्टर आजही तेच आहेत.

तुमची लक्षणं मला याच जातीची वाटतात. घासलेले इंजेक्टर सहसा गाडी गरम असताना जास्त छळतात, कारण गरम डिझेल पातळ होऊन रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात, जास्त जातं. तुमचं उलट आहे. मुंबईच्या हवेत ग्लो प्लगला, म्हणजे थंड इंजिन स्टार्ट करताना आत उष्णता देणाऱ्या प्लगला, दोष देण्यातही फारसा अर्थ नाही. फिल्टरखालचा स्क्रू सोडून पाणी काढून बघा, पावसाळ्यानंतर तर नक्कीच. तरीही इंजेक्टरचा संशय असेल तर रिटर्न टेस्ट करा, म्हणजे चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार बाटल्या लावून आयडलला चालवायची. एक बाटली इतरांपेक्षा भराभर भरली तर तेवढाच इंजेक्टर डिझेल लॅबला, म्हणजे पंप-इंजेक्टर तपासणाऱ्या वर्कशॉपला, पाठवा. चारही सरसकट बदलणं ही शुद्ध लूट आहे. बदललाच तर नव्या इंजेक्टरवर छापलेला कोड ईसीयूत, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, टाकून घ्या आणि खालचा कॉपर वॉशर नवीनच लावा.

दोन गोष्टी राहिल्या. टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल तर फिल्टरपर्यंतची लाइन दाबाखाली असते, तिथे बुडबुड्यांऐवजी गळती शोधा. आणि एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत हवा कमी झाली की ईसीयू डिझेलही कापतो, त्यामुळे धूर नाही म्हणून टर्बो लगेच निर्दोष ठरवू नका, होज हाताने चाचपून बघा.

इंजिन चालू असताना इंजेक्टरच्या लोखंडी पाइपचा नट कुणालाही सैल करू देऊ नका. जुने मेकॅनिक सवयीने करतात. आत हजार बारच्या वर दाब जातो, ती धार कातडीतून आत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.