फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर स्पायवेअर (आपल्या नकळत आपली माहिती बाहेर पाठवणारं सॉफ्टवेअर) आलं, पण ‘आय ॲग्री’ आपणच दाबलं होतं. मग ती आपली संमती धरायची का? आणि ते काढायचं कसं?

नाही धरायची. आमचे भाऊजी वकील आहेत, त्यांचं म्हणणं उलटं: “बटण दाबलं म्हणजे सही केली.” दर दिवाळीला ऐकतो, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

मिरजेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ऐन लग्नसराईत एक डीटीपीवाला मशीन घेऊन आला. पत्रिकेचा युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टात न्यायला त्याने एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवला होता. तेव्हापासून ब्राउझर उघडला की भलतंच पान, वर न मागितलेला टूलबार, आणि काय शोधलं ते परस्पर तिसऱ्याला कळणार. कंट्रोल पॅनेलमधून टूलबार उडवला, मशीन पुन्हा चालू केलं की हा हजर! टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम आपोआप चालवणारी विंडोजची सोय) काम लावून ठेवलेलं होतं, लॉगिन झालं की पुन्हा बसायचं. ब्राउझरच्या शॉर्टकटलाही सोडलं नव्हतं, टार्गेटच्या रकान्यात शेवटी त्यांच्या साइटचा पत्ता चिकटवलेला.

मग तोच इन्स्टॉलर दुकानातल्या भंगार मशीनवर चालवून बघितला. बसवायचे पर्याय दोन. सगळं एका झटक्यात बसवणारं ‘एक्सप्रेस’ ठळक. काय बसवायचं ते निवडू देणारं ‘कस्टम’ फिकट करडं, बंद असल्यासारखं. टूलबारचा चौकोन कस्टममध्ये गेलं तरच दिसणार, आणि त्यात टिक आधीच मारलेली. याला सही म्हणायची तर कार्बनखाली सरकवलेल्या स्टँपपेपरवर उमटते तीही सहीच की.

“करार वाचायचा होता,” हे भाऊजींचं पालुपद. कोण वाचतं हो? २००५ मध्ये पीसी पिटस्टॉप कंपनीने स्वतःच्या सॉफ्टवेअरच्या करारातच लिहून ठेवलं होतं की हे वाचून कळवणाऱ्याला बक्षीस देऊ. तीन हजारांवर डाउनलोड झाले, चार महिने गेले, तेव्हा कुठे एकाने कळवलं. त्याला हजार डॉलर मिळाले. आणि वाचून तरी काय? त्याच वर्षी सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या सीड्या विंडोजमध्ये रूटकिट (सिस्टीमच्या आत स्वतःला लपवणारं सॉफ्टवेअर) बसवत होत्या, विंडोजतज्ज्ञ मार्क रुसिनोविचने ते उघडं पाडलं. सॉफ्टवेअर बसेल असं करारात होतं, ते स्वतःला लपवेल हे नव्हतं.

आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदा तर सांगतो की संमती मोकळेपणी, माहिती असताना आणि स्पष्ट कृतीने दिलेली हवी. शिवाय ती मराठीत वाचायची सोय हवी. आधीच मारलेली टिक यात कशी बसवणार, वकीलसाहेब? (तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत, हे कबूल.)

काढायचं म्हणाल तर प्रोग्राम, ब्राउझरची एक्स्टेन्शन्स, टास्क शेड्युलर, शॉर्टकट, या क्रमाने साफ करा. बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. तरी परत आलं तर फॉरमॅट.

आणि हो, बाहेर माहिती पाठवणारं प्रत्येक सॉफ्टवेअर स्पायवेअर नसतं. प्रोग्राम बंद पडल्याचा अहवाल विचारून पाठवत असेल तर उगाच बोंब मारू नका.