मंडळीचे प्रश्न: थाळीतले पैसे, वडिलांचं मत आणि बाकी बरंच काही

बऱ्याच दिवसांनी प्रश्नोत्तरं घेतेय, प्रश्न भरपूर साठलेत. प्रेसबिटेरियन (प्रोटेस्टंट ख्रिस्ती लोकांपैकी एक पंथ) मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मी बरीच वर्षं वडील (मंडळीने कारभारासाठी निवडलेली व्यक्ती, एल्डर) म्हणून आणि त्यातली काही वर्षं खजिनदार म्हणून सेवा केली, त्यामुळे लोक मला जास्त करून पैशाचंच विचारतात. पण यातला एकही प्रश्न निव्वळ पैशाचा नाहीये, दुसऱ्याचं आपल्या हातात सोपवलेलं कसं सांभाळायचं हाच विषय सगळीकडे आहे. आपल्या बायबलमध्ये त्यासाठी कारभारी हा शब्द आहे, तो मला फार आवडतो, कारण कारभारी मालक नसतो आणि नुसता नोकरही नसतो.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको अकरा वर्षं दर रविवारी उपासनेनंतर अर्पण मोजतोय. आता नवीन खजिनदार म्हणतात मोजणारे दोघं एकाच घरातले नकोत. आम्हाला चोर समजतात का? मनाला फार लागलंय.

ताई, तुमचं पत्र वाचून खरंच वाईट वाटलं. अकरा वर्षं सगळे बाहेर गप्पा मारत असताना तुम्ही दोघं आत बसून चिल्लर मोजत होतात, त्याबद्दल तुम्हाला कोणी धन्यवाद म्हटलं का हा माझा पहिला प्रश्न आहे. म्हटलं नसेल तर ती सेशनची (वडील आणि पाळक, म्हणजे पास्टर, यांच्या कारभार बघणाऱ्या सभेची) चूक आहे आणि ती त्यांनी आधी दुरुस्त करावी.

पण खजिनदार बरोबर बोलतायत. मोजणारे किमान दोन असावेत हे अमेरिकेतल्या पीसीयूएसए, म्हणजे प्रेसबिटेरियन चर्च (यूएसए), या चर्चच्या घटनेतच लिहिलंय, आणि ते एका घरातले नसावेत ही हिशेब तपासणाऱ्या सगळ्यांची नेहमीची सूचना असते. हा नियम तुमच्या विरुद्ध नाही, तुमच्यासाठी आहे. माझ्या खजिनदारकीच्या पहिल्याच वर्षी एका रविवारी पाकिटांवर लिहिलेल्या रकमांची बेरीज आणि हातातले पैसे जुळेनात, आणि त्या दिवशी मोजायला एकच जण होते, दुसरे आजारी. तीन दिवस त्या भल्या माणसाची झोप उडाली होती. तोंडावर कोणी काही बोललं नाही पण बघण्यात फरक पडतोच ना. बुधवारी मी फाडलेली पाकिटं एकेक करून उजेडासमोर धरली तेव्हा एका पाकिटाच्या डिंकाला नोट आतून चिकटलेली सापडली, बस एवढंच होतं. दुसरा माणूस शेजारी असता तर ते तीन दिवस त्यांच्या वाट्याला आलेच नसते.

आणि हे आजकालचं फॅड नाही हं. बायबलमधला प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी घेऊन निघाला तेव्हा मंडळ्यांनी निवडलेला माणूस त्याने बरोबर घेतला, एवढ्या मोठ्या रकमेवरून कोणी दोष लावू नये म्हणून, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात वाचा. प्रत्यक्ष पौलाला सोबत लागली तर आपल्याला लागली म्हणून काय बिघडलं?

तुम्ही दोघं मोजणं सोडू नका, फक्त वेगवेगळ्या रविवारी वेगळ्या जोडीदाराबरोबर बसा. पाकीट उघडल्यावर आतली रक्कम बाहेर लिहिलेल्या रकमेशी जुळते का बघा, नसेल तर तिथेच लिहून दोघांनी सही करा, नोटा आणि नाणी वेगळी, तक्त्यावर दोघांच्या सह्या, पैसे शक्यतो त्याच दिवशी बँकेत. तक्त्याची एक प्रत खजिनदाराकडे आणि एक दुसऱ्या कोणाकडे तरी. खजिनदाराने स्वतः मोजायला बसू नये, हे तुमच्या नवीन खजिनदारांनाही सांगा, त्यांना आवडेल.

प्रश्न: दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) पूर्ण पगारावर द्यायचा की कापून हातात येतो त्यावर?

नियम नाही. नवीन करारात टक्केवारी ठरवून दिलेली नाही, ज्याने त्याने मनात ठरवून आनंदाने द्यावं असं म्हटलंय. मी हातात येतं त्यावर धरते, माझी मैत्रीण पूर्ण पगारावर धरते, आणि यावरून आमचं कधी भांडण झालं नाही.

प्रश्न: नोकरी जाऊन सात महिने झाले. थाळी समोर आली की खाली बघतो. आता तर उपासनेला जाणंच टाळतोय. प्लेज केलेली रक्कम देता येत नाही, काय करू?

दादा, पहिलं म्हणजे या रविवारी जा. दुसरं, प्लेज म्हणजे कर्ज नव्हे. तो वर्षाच्या सुरुवातीला सांगितलेला अंदाज असतो, त्यावरून सेशन बजेट बांधतं, परिस्थिती बदलली की एक चिठ्ठी किंवा एक फोन करून बदलून घ्यायचा. कारणसुद्धा सांगावं लागत नाही. आणि कोण किती देतं हे पाकिटांची नोंद ठेवणाऱ्या एक-दोघांनाच माहीत असतं, निदान असायला तरी तसंच हवं. तुमच्या शेजारी बसणाऱ्याला काहीही माहीत नाही.

प्रेसबिटेरियन मंडळीत सभासदत्व पैशावर टिकून नसतं. पौल तर स्पष्ट सांगतो की जवळ आहे त्या मानाने दिलेलं मान्य होतं, जवळ नाही त्या मानाने नव्हे. स्कॉटलंडमध्ये 1843 साली शेकडो पाळक सरकारी आधार असलेलं चर्च सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च उभं केलं, घर गेलं, पगार गेला, तेव्हा त्यांचे पुढारी थॉमस चाल्मर्स यांनी जो निधी उभा केला त्याचा हिशेब आठवड्याला एक पेनी असा मांडला होता. श्रीमंत मंडळ्यांचे पैसे आणि गरीब मंडळ्यांच्या पेन्या एकाच ठिकाणी जमायच्या आणि त्यातून गावोगावच्या पाळकांना सारखा वाटा जायचा. बरोबर हिशेब करणाऱ्या माणसाने पेनी मोजायला घेतली याचा अर्थ पेनी मोजण्यासारखी होती.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे पण लिहितेच. तुमच्या मंडळीत डीकन (गरजूंची सेवा बघणारे सेवक) असतील तर त्यांच्याकडे जा आणि सांगा की मदत लागतेय. आपल्या परंपरेचा पाया घालणारा धर्मसुधारक कॅल्विन, त्याने 1541 मध्ये जिनिव्हाच्या चर्चसाठी जी व्यवस्था लिहिली तिच्यात पाळक, शिक्षक, वडील आणि डीकन अशी चार पदं होती, आणि डीकनही दोन प्रकारचे, एक गरिबांसाठीचा पैसा सांभाळणारे आणि दुसरे प्रत्यक्ष आजारी-गरिबांची सेवा करणारे. म्हणजे मदत मागायला येणारा माणूस ही चर्चची अडचण नाही, त्याच्यासाठी चर्चने मुद्दाम पद तयार केलंय. इतकी वर्षं तुम्ही थाळीत टाकलंत ते काही प्रमाणात याचसाठी होतं. आता घ्यायची पाळी आली तर त्यात खाली बघण्यासारखं काय आहे? मी खजिनदार असताना डीकन निधीच्या चेकवर सही करताना मला जितकं समाधान वाटायचं तितकं दुसऱ्या कशाने वाटलं नाही, हे मनापासून सांगते.

प्रश्न: एका धनिक सभासदाने हॉल बांधायला मोठी रक्कम देऊ केलीय. अट एकच, पुढच्या निवडणुकीत त्यांचा मुलगा सेशनवर यावा. शिवाय त्यांचा धंदा कसा चालतो हे सगळ्यांना माहीत आहे. सेशनमध्ये दोन तट पडलेत. तुमचं मत?

अटीबद्दल चर्चाच नको, नाही म्हणा. वडिलांची निवड मंडळी करते, प्रार्थना करून, आणि ती विकायला काढली तर हॉल राहील पण मंडळी राहणार नाही. हॉलला नाव द्या, पाटी लावा असं म्हणाले असते तर मी कदाचित सोडून दिलं असतं, मला पाट्या फारशा आवडत नाहीत पण तो आवडीनिवडीचा भाग झाला.

पैसा कुठून आलाय हा जास्त कठीण भाग. इथे परत वरच्याच चर्चकडे जावं लागेल, ज्यांच्या पेनीचं मी कौतुक केलं. त्याच फ्री चर्चची माणसं 1844 मध्ये निधी गोळा करायला अमेरिकेत गेली आणि साधारण 3000 पौंड घेऊन आली, त्यातला काही पैसा गुलाम बाळगणाऱ्या लोकांच्या मंडळ्यांकडून आलेला. दोन वर्षांनी फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामगिरीतून पळून आलेले, ते स्कॉटलंडभर सभा घेत फिरले आणि पैसे परत पाठवा ही घोषणा गावागावात झाली. चर्चने पैसे परत पाठवले नाहीत. दान घेतलं म्हणजे देणाऱ्याच्या कृत्याला संमती दिली असं होत नाही, असा युक्तिवाद त्यांनी केला. वाचताना मला दर वेळी त्रास होतो, कारण ही वाईट माणसं नव्हती, विश्वासासाठी घरदार सोडून आलेली माणसं होती, आणि त्यांना निकड होती. निकड असली की युक्तिवाद लगेच सापडतो.

म्हणून सेशनने एक प्रश्न लिहून टेबलावर ठेवावा: या पैशाने ज्यांचं नुकसान झालंय त्यांच्यापैकी कोणी उद्या आपल्या हॉलमध्ये आलं तर आपण त्यांना काय सांगणार? उत्तर देता आलं नाही तर दान नम्रपणे नाकारा. दान नाकारायचा अधिकार सेशनला असतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. आणि घेतलंत तर ज्या कामासाठी दिलंय त्याच कामाला लावा. हॉलचे पैसे गुपचूप छपराच्या दुरुस्तीला वळवणं हेही कारभारीपणात बसत नाही. देणाऱ्या माणसाला मात्र भेटायला जात राहा, पैसे नाकारले म्हणून माणूस नाकारला असं व्हायला नको.

प्रश्न: आम्ही ज्यांना निवडून दिलं त्याच वडिलांनी आम्हाला नको असलेल्या ठरावाच्या बाजूने मत दिलं. मग निवडून देण्याचा उपयोग काय?

हा राग मी समोरासमोर झेललाय, त्यामुळे तुमची तगमग कळते. पण आपल्या व्यवस्थेचा पायाच इथे आहे. प्रेसबिटेरियन हा शब्द ग्रीकमधल्या वडील या शब्दावरून आला, म्हणजे आपल्या चर्चचं नावच कारभार कोण करतं यावरून पडलंय. आणि वडील म्हणजे आमदार नव्हे. लोकांची इच्छा जशीच्या तशी पोचवणं हे त्यांचं काम नाही, एकत्र बसून ख्रिस्ताची इच्छा काय असेल ते शोधणं हे काम आहे, पीसीयूएसएच्या घटनेत हे साफ शब्दांत दिलंय. मतही त्यांच्याकडे सोपवलेलं असतं, तुमच्या दबावाखाली दिलं तर ते त्यांचं राहत नाही.

तुमच्या हातात काही नाही असं मात्र नाही. वडिलांची निवड, पाळकांना बोलावणं, पाळकांच्या मानधनाच्या अटी, जमीन-इमारतीची खरेदी-विक्री, हे त्या घटनेप्रमाणे मंडळीच्या सभेतच ठरतं. बजेट सेशन मंजूर करतं, इतर प्रेसबिटेरियन चर्चमध्ये थोडाफार फरक असतो. सेशनने चुकीचं केलं असं खरंच वाटत असेल तर वर प्रेसबिटरी (भागातल्या मंडळ्यांची मिळून असलेली सभा) आहे, तिथे जाता येतं. पाळक तर आपल्या मंडळीचे सभासदच नसतात, ते प्रेसबिटरीचे सभासद असतात, यामुळे कोणा एका गटाला त्यांना मुठीत धरता येत नाही.

मुदतीबद्दल पण सांगते. स्कॉटलंडमध्ये 1560 साली वडील दर वर्षी निवडायचे ठरलं होतं, फार काळ राहिले तर चर्चचं स्वातंत्र्य दाबून डोक्यावर बसतील या भीतीने. 1578 मध्ये तेच पद आयुष्यभरासाठी झालं. आज पीसीयूएसएमध्ये तीन वर्षांची मुदत आणि सलग सहा वर्षांपेक्षा जास्त नाही. मला ही मर्यादा मान्य आहे. माझी सहा वर्षं संपली तेव्हा पहिले दोन महिने चुकल्यासारखं झालं, मग लक्षात आलं की उपासनेत मी किती वर्षांनी नुसती बसलेय, खांबाजवळचा दिवा लागत नाहीये याची काळजी न करता.

प्रश्न: वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारातलं सगळं मला पटत नाही. मी सभासद राहू शकतो का? मला डीकन व्हायला विचारलंय.

सभासद नक्कीच. सभासद होताना ख्रिस्तावर विश्वास आहे का हे विचारतात, वेस्टमिन्स्टर या 1640 च्या दशकात लिहिलेल्या, आपल्या श्रद्धा मांडणाऱ्या दस्तऐवजाचा प्रत्येक परिच्छेद मान्य आहे का असं नाही. डीकन आणि वडील यांना वेगळी शपथ असते, तिथे चर्चच्या श्रद्धेच्या मुख्य गोष्टी स्वीकाराव्या लागतात, म्हणून होकार देण्याआधी नेमकं काय पटत नाही ते पाळक आणि सेशनसमोर बोला, लपवून शपथ घेऊ नका. आणि एक गंमत वाटेल, चर्चच्या सभा चुकू शकतात आणि बऱ्याच चुकल्यात हे त्याच वेस्टमिन्स्टरमध्ये लिहिलंय. आधी तिथलं लहान प्रश्नोत्तर (शॉर्टर कॅटेकिझम, श्रद्धा शिकवणारी प्रश्नोत्तरं) वाचा, 107 प्रश्न आहेत, आणि पहिलाच माणसाच्या जगण्याच्या हेतूबद्दल आहे, देवाचं गौरव करणं आणि सदासर्वकाळ त्याच्यात आनंद करणं. मी तो आनंद शब्द वाचून पहिल्यांदा थांबले होते, अशा कडक लोकांकडून ही अपेक्षा नव्हती.

प्रश्न: दुसऱ्यांच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आम्ही सगळे उभे राहून हो म्हणतो. नेमकं काय कबूल करतो?

त्या बाळाला विश्वासात वाढवायला आईबापाला हातभार लावू, हे. नुसता रिवाज नाही, वचन आहे ते, आणि बाळाचे आईबाप नव्हे तर सगळी मंडळी ते देते. कसं पाळायचं म्हणाल तर सगळ्यात सोपं सांगते: संडेस्कूलच्या बाईंना विचारा कुठल्या रविवारी माणूस कमी पडतंय, आणि त्या रविवारी जाऊन बसा. गाता येत नसेल तरी चालेल, रंगकामाच्या टेबलावर कायम कोणीतरी हवंच असतं.