वाचकांचे प्रश्न : वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेआधी आणि त्यानंतर

प्रश्न : माझे वय ४२ वर्षे, उंची १५८ सेंटीमीटर आणि वजन १०८ किलो आहे. मधुमेह आहे आणि झोपेत श्वास अडकतो असे घरचे सांगतात. डॉक्टरांनी स्लीव्ह शस्त्रक्रिया सुचवली असून ती एप्रिलच्या अखेरीस करण्याचे ठरत आहे. आमचे एकत्र कुटुंब आहे आणि स्वयंपाक मुख्यतः माझ्याकडेच असतो. कोणती तयारी करावी? इतके कमी खाऊन माणूस जगेल कसा, असे सासूबाई विचारतात. त्यांना काय सांगावे?
– एक वाचक भगिनी, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणारा आकडा, ४३ च्या आसपास येतो आणि सोबत मधुमेहही आहे, त्यामुळे मिळालेला सल्ला योग्यच आहे. या टप्प्यावरचा लठ्ठपणा हा आजार असतो आणि केवळ निग्रहाने तो बहुतेकांच्या आटोक्यात येत नाही, म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना स्वतःला कमी लेखू नका. मात्र आपल्या पत्रातील ज्या वाक्यापाशी मी थांबले, ते स्वयंपाकाविषयीचे आहे. घरातल्या सर्वांसाठी रांधणारी बाई दिवसभर तिखट-मीठ बघण्यासाठी चव घेते, मुलांच्या ताटात उरलेले संपवते आणि स्वतः सर्वांत शेवटी, उभ्या उभ्या दहा मिनिटांत जेवते. यातली एकही सवय शस्त्रक्रियेनंतर चालणार नाही.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकला जातो आणि अरुंद नळीसारखे जठर उरते. भूक चाळवणारे घ्रेलिन हे हॉर्मोन मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होत असल्याने सुरुवातीचे काही महिने भूकच फारशी लागत नाही. त्यामुळे तेव्हा भुकेवर विसंबून न राहता घड्याळ पाहून, बसून, प्रत्येक घास बारीक चावून, वीस ते तीस मिनिटांत थोडेसे खावे लागते. जेवताना पाणी पिता येत नाही आणि जेवणानंतरही अर्धा तास थांबावे लागते. हे आत्तापासूनच सुरू करा. सर्वांत आधी जेवायला बसण्याची मुभा आजच मागून घ्या, आणि शस्त्रक्रियेनंतरचे निदान सहा आठवडे स्वयंपाकाची जबाबदारी कोण घेणार हे तारीख पक्की करण्याआधी ठरवा, कारण त्या काळात पाण्याने भरलेली गुंडी किंवा मोठा कुकर उचलणेही वर्ज्य असते.

वैद्यकीय तयारी डॉक्टर करून घेतीलच. तरी एंडोस्कोपी, सोनोग्राफी, थायरॉइड, तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, ड आणि ब-१२ जीवनसत्त्वे व लोह यांच्या तपासण्या झाल्या आहेत ना, हे पाहा. श्वास अडकण्याची गोष्ट भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. झोपेची तपासणी करून गरज पडल्यास शस्त्रक्रियेआधीच रात्री श्वासासाठी यंत्र लावावे लागते. शेवटचे साधारण दोन आठवडे कमी उष्मांकांचा, प्रथिनयुक्त आहार देतात. चरबीने सुजलेले यकृत त्यामुळे आकसते आणि दुर्बिणीतून जठरापर्यंत पोहोचणे सोपे होते, म्हणून त्या काळात एखाद्या लग्नातल्या जेवणाचीही सूट घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर साखर फार लवकर उतरते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन किती कमी करायचे, हे लेखी घेऊनच घरी या.

एप्रिलच्या अखेरीस शस्त्रक्रिया म्हणजे द्रव आहाराचे दिवस नेमके मे महिन्यात येतील. दिवसाला दीड ते दोन लिटर द्रव पोटात जायला हवे, पण एका वेळी दोन-तीन घोटांपेक्षा जास्त पिता येत नाही, आणि नागपुरात तेव्हा पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो. शरीरातले पाणी कमी होणे हे शस्त्रक्रियेनंतर पुन्हा दवाखान्यात जावे लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे. साखर आणि झोपेतला त्रास फार वाढलेला नसेल, तर तारीख पावसाळा लागल्यावर घेता येईल का, हे शल्यचिकित्सकांना अवश्य विचारा. एप्रिलमध्येच करायची झाल्यास नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत दुपारी बाहेर पडू नका आणि पातळ ताक, पाणी, डाळीचे गाळलेले पाणी हाताशी ठेवून दर काही मिनिटांनी घोट घेत राहा. संत्र्याचा रस मात्र नको. त्यात साखरच जास्त जाते. काही महिन्यांनी संत्र्याच्या फोडी साल काढून, सावकाश चावून खाता येतील.

द्रव आहारानंतर घोटलेले, मग मऊ आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, असा क्रम असतो. प्रत्येक टप्प्यात ताटातले पहिले घास प्रथिनांचे असावेत, कारण दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात आणि एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅमच मिळतात. वरणाच्या वरच्या पाण्याने हे भागत नाही; घट्ट वरण, पनीर, दही, अंडी, मासे आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर लागतेच. तर्री-पोहे आणि सावजी रस्सा बराच काळ दूर ठेवा.

सासूबाईंची काळजी मायेची आहे. ती उडवून लावू नका. शरीरात साठलेली चरबी हीच त्या काळातली शिदोरी असते, त्यामुळे कमी खाण्याने नव्हे, तर प्रथिने, पाणी आणि गोळ्या चुकल्याने अशक्तपणा येतो, हे त्यांना आहारतज्ज्ञांच्या तोंडून ऐकू द्या. पुढच्या भेटीला त्यांना सोबतच न्या. म्हणजे भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या जेवणाला आपल्या ताटात आग्रहाने वाढणाऱ्यांना त्याच थांबवतील.

घरी आल्यावर ताप, छातीत सतत धडधड, वाढत जाणारी पोटदुखी, धाप किंवा पोटरीला सूज यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. आरोग्यविम्यात बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असल्यास ही शस्त्रक्रिया अटींसह बसू शकते. पॉलिसीतला प्रतीक्षाकाळ तपासून पूर्वमंजुरी घ्या.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझी गॅस्ट्रिक बायपास झाली. ४० किलो वजन उतरले, बरे वाटू लागले, म्हणून आठ महिन्यांपासून गोळ्या आणि तपासण्या बंद केल्या. आता पायांना मुंग्या येतात, थकवा वाटतो. मी शाकाहारी आहे. खर्रा पुन्हा सुरू झाला आहे आणि गुडघ्यासाठी अधूनमधून दुखण्याची गोळी घेतो.
– एक वाचक, हिंगणा रोड

उत्तर : हे उत्तर वाचाल त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. बायपासमध्ये अन्न जठराचा मोठा भाग टाळून पुढे जाते, त्यामुळे ब-१२ जीवनसत्त्व अन्नातून नीट शोषले जात नाही. यकृतातला साठा काही काळ पुरतो, म्हणूनच कमतरता उशिरा, सगळे ठीक वाटत असताना उघडकीस येते. शाकाहारात ते मुळातच कमी मिळते. मुंग्या हे मज्जातंतू दुखावल्याचे लक्षण असू शकते आणि उपचार लांबल्यास ती इजा कायमची राहू शकते. ब-१२, लोह, फॉलिक अॅसिड, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांबरोबर थायमिन आणि तांब्याच्या कमतरतेचाही विचार व्हावा. केवळ फॉलिक अॅसिडची गोळी मनाने सुरू करू नका. त्याने रक्त सुधारलेले दिसते आणि ब-१२ अभावी मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते.

बरे वाटले म्हणून गोळ्या सोडणारे अनेक जण मला भेटतात आणि दर वेळी वाईट वाटते, कारण हे दुखणे टाळता येण्यासारखे असते. या गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. कॅल्शियम आणि लोह यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवा, आणि रक्ततपासणी दरवर्षी करा.

खर्रा आणि दुखण्याच्या गोळ्या यांबाबत सवलत नाही. जठर आणि आतडे जिथे जोडले आहे तिथे तंबाखूने आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी व्रण होतो, तो कधी फुटतोही. शौचाला डांबरासारखी काळी झाल्यास तडक दवाखान्यात जा. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम यांविषयी डॉक्टरांशी बोला. खर्रा सुटत नसेल, तर सरकारी रुग्णालयांतही तंबाखूमुक्तीसाठी मदत मिळते.

प्रश्न : वय २९. स्लीव्ह होऊन पाच महिने झाले. केस मुठीने गळत आहेत, आणि घरचे म्हणतात की आता मूल होऊ द्या.
– एक वाचक भगिनी, प्रतापनगर

उत्तर : तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात वेगाने वजन उतरल्यामुळे केस गळतात आणि प्रथिने, लोह व जस्त पुरेसे असल्यास पुढे पुन्हा येतात. गर्भधारणा मात्र शस्त्रक्रियेनंतर १२ ते १८ महिने टाळावी, कारण वजन उतरत असताना बाळाला पोषण कमी पडू शकते. वजन घटले की पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून गर्भनिरोधनाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोला. घरच्यांना ही मुदत डॉक्टरांनीच सांगितलेली उत्तम. दोघांनी मिळून त्यांना भेटीला घेऊन जावे.