बाळ ताटावर झेपावतं, मग घरचंच जेवण द्यायचं का?

तुमचं बाळ साडेसहा महिन्यांचं आहे, तुम्ही जेवायला बसलात की ताटावर झेपावतं. सासूबाई म्हणतात आधी वरणाचं पाणी द्या. त्याच्यासाठी वेगळं शिजवायचं की घरचंच द्यायचं, असं विचारलंय.

घरचंच द्या. फक्त त्याचा वाटा मीठ, तिखट आणि फोडणी पडायच्या आधी बाजूला काढा.

नुसत्या झेपावण्यावर जाऊ नका, चार महिन्यांचं बाळही हाताला येईल ते ओढतं. मान ताठ धरतं का, मांडीवर टेकून नीट बसतं का आणि चमच्यातलं जिभेने बाहेर ढकलत नाही ना, हे बघा. सहा महिने पूर्ण आहेतच, या तिन्ही गोष्टी जमत असतील तर आजपासून सुरू करा. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

वरणाचं पाणी हलकं असतं हे खरं, पण त्यात पाणीच जास्त. बाळाच्या पोटात एका वेळी किलोमागे साधारण 30 मिली मावतं, म्हणजे साडेसात किलोच्या बाळाला सव्वादोनशे मिलीच्या आसपास. तेवढी जागा पाण्याने भरली की बाळ शांत होतं, दूधही कमी पितं आणि वजन अडतं. म्हणून पाणी नको, खालची डाळ द्या.

रोजच्या कुकरमध्ये भात आणि डाळ मीठ न घालता लावा, डाळीच्या भांड्यातच लाल भोपळ्याची एक फोड टाका. शिजल्यावर दोन पोह्याचे चमचे भात, एक चमचा घट्ट डाळ, भोपळ्याची फोड आणि अर्धा चहाचा चमचा तूप वाटीच्या बुडाने घोटा. फार कोरडं वाटलं तर आईचं दूध किंवा उकळलेलं पाणी चमच्याने घाला. चमचा तिरका केल्यावर घास लगेच ओघळता कामा नये, ओघळला तर पातळ झालं. मिक्सर टाळा. सुरुवातीला गाठी राहू देऊ नका, पण दोन-तीन आठवड्यांत भाताची थोडी शितं लागू द्या. महिनोन्‌महिने गुळगुळीतच खाणारं बाळ पुढे चावायचं आलं की तोंड फिरवतं.

नाचणीची पेज घट्ट केली की चिकट होते. ती गरम असताना, उकळती नव्हे, मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं अर्धा चमचा पीठ घालून ढवळा. मोड येताना तयार झालेलं विकर (एन्झाइम) पिठूळपणा तोडतं आणि पाणी न वाढवता पेज सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढा.

पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा, सकाळी किंवा दुपारी, दोन-तीन चमचे पुरे. आठ महिन्यांपर्यंत दोन-तीन वेळा, दर वेळी अडीचशे मिलीच्या वाटीने अर्धी वाटी. तोंड फिरवलं की थांबा, मोबाइल दाखवून भरवू नका. अंगावरचं दूध चालू ठेवाच. उष्टं उरलं तर टाकून द्या, संध्याकाळसाठी ठेवू नका.

लोहाकडे लक्ष द्या, कारण जन्मतः मिळालेला साठा याच सुमारास संपत येतो. डाळीवर लिंबाचे दोन थेंब पिळले तर तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं. खात असाल तर पूर्ण शिजलेलं अंडं, बारीक खिमा, काटे नीट काढलेलं मासळीचं मांस आत्तापासून चालतं. अंडं आणि शेंगदाणा उशिरा द्यायची गरज नाही, पण एका दिवशी एकच नवं आणि चिमूटभरच. दाणे कधीही अख्खे नकोत, बारीक कूट पेजेत मिसळा. ओठ सुजले, गांधी उठल्या किंवा उलट्या झाल्या तर लगेच डॉक्टरांकडे. अंगावर आधीच मोठा इसब असेल तर हे दोन्ही डॉक्टरांना विचारूनच.

वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको, चहात बुडवलेलं बिस्किटही नको. उष्टावणाच्या खिरीलासुद्धा मधाचं बोट नको. मधात कधीकधी असलेले जिवाणूंचे बीजाणू इतक्या लहान आतड्यात वाढून विष तयार करू शकतात.

आठ-नऊ महिन्यांनी भाकरीचा मऊ भाग वरणात कुस्करून द्या, शिजलेल्या गाजराचं बोटाएवढं तुकडं हातात द्या. बोटांत सहज चेंगरेल इतकं मऊ हवं. फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर, बिया असलेलं चिकू-बोर नको. खाताना बाळ सरळ बसलेलं हवं आणि तुम्ही समोर. ओकारी काढत खोकतंय, चेहरा लाल झालाय, आवाज येतोय तर घास तेच पुढे ढकलतंय. तोंडात बोट घालू नका. आवाजच बंद झाला, ओठ निळसर दिसू लागले तर घास अडकलाय. बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून धरा, पाठीवर खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या मनगटाजवळच्या भागाने पाच थापा मारा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबा. घास निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन लावायला सांगा.