लपण्याची किंमत किती असावी?

प्रश्न : आम्ही मित्र मिळून ‘बॅटलटेक’ हा फाशांवर चालणारा पटावरचा युद्धखेळ खेळतो. स्टेल्थ (लपवणारे) कवच चढवलेला मेक, म्हणजे महाकाय लढाऊ यंत्रमानव, लांबून मारा करत राहतो आणि आमचा एकही नेम लागत नाही. म्हणून समोरच्या मेकवर प्रोब (लपलेल्यांचा शोध घेणारे यंत्र) असेल तर स्टेल्थ पूर्ण निष्प्रभ, असा घरचा नियम आम्ही केला. आता ते कवच कोणी घेतच नाही. मधला मार्ग कोणता? – एक वाचक

उत्तर : मूळ नियमांत हे कवच मध्यम पल्ल्यावर नेमाचा आकडा (नेम लागायला दोन फाशांवर किमान जेवढी बेरीज पडावी लागते तो) 1 ने आणि लांब पल्ल्यावर 2 ने वाढवते, जवळच्या पल्ल्यावर मात्र त्याचा काहीच फरक पडत नाही. ही वाढ किरकोळ वाटते, पण दोन फाशांच्या बेरजेत 7 किंवा अधिक पडण्याच्या 36 पैकी 21 शक्यता असतात, 9 साठी 10 आणि 11 साठी केवळ 3; म्हणजे नेम मुळातच अवघड असेल तेव्हा तीच 2 ची वाढ कितीतरी जास्त बोचते. शत्रू वेगाने पळत असेल तर आकडा आधीच चढलेला असतो. तुमचा खरा त्रास कवच आणि वेग यांच्या या संगनमताचा आहे, असे मला वाटते.

दुसरे असे की पल्ला मोजायचा तो मारा करणाऱ्याच्या शस्त्राचा. गॉस रायफलचा जवळचा पल्ला 7 षट्कोनांचा (पटावरची षट्कोनी घरे) आणि मीडियम लेसरचा अवघा 3 चा, त्यामुळे 5 षट्कोनांवरच्या त्याच मेकसमोर गॉसला स्टेल्थचा अडथळा नसतो आणि लेसरला असतो. शस्त्रांची निवड बदलली तरी अर्धी तक्रार मिटेल.

उष्णतेचा हिशेब तुम्ही काटेकोर ठेवता का, हेही पाहा. स्टेल्थ चालू असताना दर फेरीला 10 उष्णता वाढते. उष्णता बाहेर टाकणारे 10 दुहेरी हीट सिंक 20 घालवतात, म्हणजे निम्मी क्षमता लपण्यातच जाते आणि धावत धावत एक पीपीसी (कणांचा झोत सोडणारी तोफ) डागली की हिशेब 22 वर पोहोचतो. गॉसला मात्र 1 च उष्णता लागत असल्याने लांबून टिपणाऱ्याला ही पळवाट फार सोयीची ठरते.

प्रोबबाबत मूळ नियम तुमच्या अगदी उलट टोकाला आहेत. स्टेल्थला गार्डियन ईसीएम (शत्रूची शोधयंत्रे गोंधळवणारी यंत्रणा) लागतेच, आणि 4 षट्कोनांपर्यंत पाहणारा बीगल जातीचा प्रोब ईसीएमच्या 6 षट्कोनांच्या परिघात आंधळा होतो. घरचा नियम ठेवायचाच असेल तर प्रोबच्या टप्प्यात स्टेल्थचा फायदा 1 ने कमी करावा, सरसकट शून्यावर आणू नये; आणि ज्या फेरीत प्रोब वापरला, त्या फेरीत प्रोबवाल्या मेकवर नेम धरणाऱ्यालाही 1 ची सवलत द्यावी, कारण लहरी सोडून शोध घेणारे यंत्र स्वतःचा ठावठिकाणाही सांगून बसते. 4 षट्कोनांचा टप्पा मात्र वाढवू नका. तिथवर पोहोचण्यासाठी प्रोबवाल्याने पत्करलेला धोका हीच त्या सवलतीची किंमत आहे.