मेंदूतला गुंता आणि एमआरआयचा नकाशा

भावाला फिट आली. एमआरआयमध्ये एव्हीएम (मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचा गुंता) निघालं. आता अँजिओग्राफीही सांगितली आहे. एक तपासणी पुरत नाही का? (एक वाचक, फोंडा)

नाही पुरत. एव्हीएममध्ये धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट शिरांना जोडलेल्या असतात. हा गुंता कुठे आहे आणि त्याच्या शेजारी काय आहे, हे एमआरआय सांगतो. रक्त कुठून येतं आणि कोणत्या शिरेत उतरतं, हे कॅथेटर (बारीक नळी) घालून केलेल्या अँजिओग्राफीतच नीट कळतं. शस्त्रक्रिया किती जोखमीची हे सांगणारी, १९८६ सालची स्पेट्झलर-मार्टिन श्रेणी (एक ते पाच) एव्हीएमचा आकार, मेंदूच्या महत्त्वाच्या भागाशी जवळीक आणि खोल शिरांकडचा निचरा यांवरून ठरते. पहिली-दुसरी श्रेणी असेल तर शस्त्रक्रियेचा विचार जरूर करा. चौथी-पाचवी असेल, तर घाई नको.

पत्नीची फंक्शनल एमआरआय (मेंदूचा कोणता भाग कोणतं काम करतो ते दाखवणारी तपासणी) आहे. मनात शब्द आठवायला सांगतात म्हणे. घरी कोंकणी, शाळेत ती मराठी शिकवते. कोणती भाषा? (सांखळी)

दोन्ही. हे तपासणीआधीच सांगून ठेवा. दोन भाषांचे भाग मेंदूत बरेचसे एकावर एक असतात, पण तंतोतंत नसतात. तपासणीत इंग्रजी शब्दांची यादी दिली आणि ती अडखळली, तर तो दोष मेंदूचा नव्हे, यादीचा. डोकं न हलवता मनातल्या मनात शब्द आठवण्याचा सराव घरीच करून घ्या.

एक गोष्ट मात्र रुग्णांना क्वचितच कुणी सांगतं. ही तपासणी पेशींचं काम थेट पाहत नाही, त्या कामापाठोपाठ रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये होणारा बदल टिपते. एव्हीएमजवळ रक्तप्रवाहच बिघडलेला असतो, त्यामुळे काम करणारा भागही पडद्यावर गप्प दिसू शकतो. ‘इथे काही उजळलं नाही’ म्हणजे ‘इथे कापायला हरकत नाही’ असं मुळीच नाही. म्हणून जोडीला मज्जातंतूंच्या वाटा दाखवणारी ट्रॅक्टोग्राफी करतात आणि कधी कधी रुग्णाला जागं ठेवून, बोलतं करून शस्त्रक्रिया करतात.

आईच्या एमआरआयमध्ये कॅव्हर्नोमा (फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची गाठ) आहे, अँजिओग्राफी नॉर्मल. चूक कोणाची? (पेडणे)

कोणाचीच नाही. कॅव्हर्नोमात रक्त इतकं संथ वाहतं की अँजिओग्राफीत तो सहसा दिसतच नाही. एमआरआयला मात्र जुन्या रक्ताचं लोह सापडतं. लोह टिपणाऱ्या चित्रांत गाठ असते त्याहून मोठी दिसते, तेव्हा आकडा पाहून घाबरू नका. शेजारी एखादी वेगळ्या ठेवणीची शीर असेल, तर ती निरोगी मेंदूचा निचरा करत असते. तिला हात लावायचा नसतो.

एव्हीएम फुटलेलं नाही, तरी काढावं का? (म्हापसा)

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अरुबा चाचणीत अशा रुग्णांपैकी एव्हीएम बंद करायचे उपचार केलेल्यांपेक्षा फक्त औषधांवर ठेवलेल्यांची स्थिती बरी राहिली. पण पाठपुरावा थोड्याच वर्षांचा होता आणि निव्वळ शस्त्रक्रिया झालेले रुग्ण मोजके, म्हणून वाद मिटलेला नाही. तरुण वय आणि सोपी श्रेणी असेल, तर शल्यविशारदाशी बोलाच. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्ट नको, स्कॅनची सीडी न्या.