चौसष्टाव्या घरापर्यंतचे दाणे

प्रश्न : आमचा नातू सांगलीतल्या एका बुद्धिबळ वर्गाला जातो. पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट, अशा हिशेबाने १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात, असे त्याने मला सांगितले. शेवटी ५ असल्याने या संख्येला ५ ने भाग जातो, हे उघड आहे. पण बाकीचे मूळ अवयव गणकयंत्राशिवाय काढता येतील का?
— एक आजोबा, विश्रामबाग, सांगली

उत्तर : येतील, आणि एक पायरी सोडली तर शाळेतले बीजगणित त्याला पुरते. भास्कराचार्यांच्या परिभाषेत १८४ परार्धांहून (एक परार्ध म्हणजे १ वर सतरा शून्ये) मोठी असलेली ही वीस अंकी संख्या २ च्या ६४ व्या घातापेक्षा केवळ एकाने लहान आहे. ६४ वा घात हा ३२ व्या घाताचा वर्ग असल्याने दोन वर्गांच्या वजाबाकीचे सूत्र लागू पडते, आणि वजाबाकीच्या कंसाला तेच सूत्र पुन्हा पुन्हा लावत गेल्यास एकही भागाकार न करता ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि ४,२९,४९,६७,२९७ असे सहा अवयव हाती येतात. त्यांपैकी पहिले पाच मूळ आहेत.

खरी गंमत सहाव्यात आहे. या सहाही संख्या एकाच साच्यातल्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६, ३२ अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत १ मिळवून होणाऱ्या, असून त्या साच्यातली प्रत्येक संख्या मूळच असते, असा सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती फर्मा याचा समज होता. १७३२ मध्ये स्विस गणिती ऑयलरने या सहाव्या संख्येला ६४१ ने भाग जातो, हे दाखवून तो खोटा ठरवला. प्रत्यक्ष भागाकार करून ते पडताळता येईलच, पण पुढची युक्ती मला अधिक आवडते आणि आपल्या नातवालाही ती जमेल. ६४० ला ६४१ ने भागल्यावर बाकी उणे १ धरता येते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. त्याचा चौथा घात केला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात या गुणाकाराची बाकी १ येते. परंतु ६२५ हे ६४१ पेक्षा १६ ने कमी असल्याने बाकीच्या हिशेबात त्याच्या जागी उणे १६, म्हणजेच उणे २ चा चौथा घात, ठेवता येतो. तेव्हा २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ ठरते, आणि त्यात १ मिळवताच ६४१ ने निःशेष भाग जातो. भागाकार येतो ६७,००,४१७. ही संख्याही मूळच आहे, मात्र ते तपासण्यास थोडी चिकाटी लागते.

अशा रीतीने आपल्या संख्येचे सात वेगवेगळे मूळ अवयव मिळतात आणि प्रत्येक एकदाच येतो, म्हणून तिचे एकूण विभाजक १२८ होतात. तिच्या अंकांची बेरीज ८७ असल्याने ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही. हे दाणे सात जणांत सारखे वाटायला गेल्यास मात्र एक दाणा शिल्लक राहतो.